वखारीच्या शेजारी, फणसाखाली

मागच्या फेब्रुवारीत एका सकाळी सुनेने फोन माझ्या पुढ्यात धरला आणि म्हणाली, "आई, आपलं घर कुठे आहे ते पन्नास शब्दांत लिहून द्या. इंग्रजीत."

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, पन्नास कशाला, पाच शब्दांत लिहून देते. त्या पाच शब्दांना तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस मी घरात कोणाला सुखाने जेवू दिलं नाही.

कारण सांगते. आमचं घर मांडवीला, समुद्राच्या अलीकडे, एका बोळात. नारळीच्या आगराच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या होत्या. एकीत नारळ आणि दुसरीत मी शाळेतून आणलेली जुनी पुस्तकं, दोन्ही वर्षानुवर्षं एकाच वेगाने सुकत होती. सुनेने त्या खोल्या झाडून घेतल्या, रंग काढला, आत न्हाणीघर बांधून घेतलं, खिडक्यांना पडदे लावले. बाहेरगावचे लोक सुट्टीला समुद्र बघायला येतात, त्यांना उतरायला द्यायच्या. त्यासाठी फोनवर घराची माहिती टाकावी लागते.

हे सगळं हौसेचं नव्हतं. माझा मुलगा लोट्याला एका कारखान्यात शिफ्टला आहे. तिथेच चौघांत एक खोली घेऊन राहतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी येतो, तो अर्धा दिवस झोपतो. त्याने पौषातच सांगून ठेवलं होतं. "मे महिन्यात खोल्या चालल्या तर बघू. नाहीतर जूनमध्ये हिला नि पोरीला तिकडे घेऊन जातो. पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घालू. आई, तू पण चल."

पोरगी म्हणजे माझी नात, दुसरीतली. "तू पण चल" हे त्याने जाता जाता छत्री आठवावी तसं म्हटलं. मी जाणार नव्हते हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे जूनपासून या घरात मी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यामुळे त्या पन्नास शब्दांवर माझंही काही अडलेलं होतं. पण मी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका असल्याचं दाखवलं.

सुनेने आधी स्वतःच लिहून पाहिलं होतं. ती गुहागरची, कॉमर्स शिकलेली, हिशेबाला चोख, इंग्रजीला बेधडक. तिने लिहिलं होतं: "हाउस इन मांडवी. नियर सी. कम ऑन रोड अँड कॉल. आय स्टँड."

मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"आय स्टँड म्हणजे? तू काय निवडणुकीला उभी आहेस?"

"उभी राहते म्हणजे उभी राहते. त्यांना दिसेन की."

"अगो, हे वाचून कोण येईल? तबेल्यात बोलावल्यासारखं वाटतं."

ती फोन माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. मग बराच वेळ मोरीत भांडी जोरजोरात घासल्याचा आवाज येत होता.

मी कागद घेतला, लाल आणि निळं अशी दोन पेनं घेतली आणि पडवीत बसले. पहिलाच शब्द अडला. घर इन मांडवी की ॲट मांडवी? गाव मोठं असेल तर इन, ठिकाण लहान असेल तर ॲट, असं मी आयुष्यभर शिकवलं. मांडवी लहान की मोठी? मांडवीच्या माणसाला विचाराल तर रत्नागिरी हा मांडवीचा एक भाग आहे. किनाऱ्याला ऑन. पण समुद्राला बाय. रस्त्याला ऑन, गल्लीला इन. कोपऱ्याचं तर विचारू नका. खोलीतला कोपरा असेल तर इन, रस्त्यावरचा असेल तर ॲट, आणि कुठे कुठे ऑन. बसमध्ये बसलात तर ऑन, रिक्षात बसलात तर इन. दोन्हीकडे माणूस आतच बसतो, टपावर नाही, पण हे साहेबाला सांगणार कोण.

त्यात भर म्हणजे तो फोन. मी एक शब्द लिहिला की तो खाली तांबडी रेघ ओढायचा. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांखाली तांबड्या रेघा ओढल्या. आता एक वीतभर यंत्र माझ्या वाक्याखाली ओढत होतं. मी शब्द बदलला की रेघ जायची, पुन्हा तोच शब्द आणला की पुन्हा यायची, आणि कधीकधी तोच शब्द असूनही यायची नाही. मला मेल्याच्या कानशिलात मारावीशी वाटली, पण त्याला कान कुठे असतो ते माहीत नव्हतं.

मला वाटतं, ही शिक्षा होती. बाविसाव्या वर्षी मी आत डोंगरातल्या एका गावी शिक्षिका म्हणून लागले. अंगावर एक स्टार्च केलेली साडी, डोक्यावर बाई दिसावं म्हणून घातलेला अंबाडा, आणि आपल्याला इंग्रजी येतं याचा असा काही ताठा की मला मान वळवून मागे बघतासुद्धा येत नसे. वर्गात जाताना मी काडेपेटी घेऊन जायची. काडी पेटीत घातली की इन. पेटीवर ठेवली की ऑन. पेटीला टेकवून उभी केली की ॲट. झालं इंग्रजी. पोरं मला काडेपेटीबाई म्हणायची हे मला तीन वर्षांनी कळलं.

एक दिवस एका मुलीने हात वर केला. शेतकऱ्याची पोर, पायांत चपला नाहीत, पण डोळे असे की खोटं बोलायची सोय नाही. म्हणाली, "बाई, आमचं घर सड्यावर, वरच्या कातळावर आहे. म्हणजे सड्यावर नाय, सड्याच्या उताराला आहे. खालच्या वाडीच्या वरती, देवळाच्या खालती. मग आमच्या घराला कुठची काडी?"

मी काडेपेटीकडे बघितलं. पेटीला उतार नव्हता. सगळं कोकण उतारावर वसलेलं आणि मी त्यांना सपाट पेटी दाखवत होते. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिला अर्धा तास उभी केली. कारण विचारलं असतं तर "उद्धटपणा" असं सांगितलं असतं. ती उभी राहून खिडकीतून बाहेर बघत होती, बहुतेक आपलं घर जिथे होतं तिथेच आहे का ते पाहत असेल.

आणि त्या बाविसाव्या वर्षाच्या शहाण्या बाईचा सर्वांत मोठा पराक्रम अजून सांगितलाच नाही.

आमचे हे बोटीवर होते. सातवीपर्यंत शिकलेले, पण जग पाहिलेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको इंग्रजीची शिक्षिका, म्हणून त्यांनी कुठल्याशा बंदरातून मला इंग्रजीत पत्र लिहिलं. किती वेळ लागला असेल, कोणाकोणाला विचारलं असेल, देव जाणे. पत्र चार ओळींचं होतं. "डिअर वाइफ. यू आर इन हाउस. आय ॲम इन वॉटर. मून इज ऑन बोथ."

दुसरी कोणी असती तर पत्र उशीखाली ठेवून झोपली असती. मी लाल पेन काढलं. 'इन हाउस' खोडून 'ॲट होम' केलं. 'इन वॉटर' खोडून वर लिहिलं, 'ऑन वॉटर. इन वॉटर म्हणजे माणूस बुडाला.' चंद्राला 'अबव्ह' दिलं. खाली लिहिलं, दहापैकी चार, लक्ष देऊन लिहिणे. आणि तेच पत्र पाकिटात घालून, तिकीट लावून, त्यांना परत पाठवलं.

पुढचं पत्र मराठीत आलं. "पत्र मिळाले. मी खुशाल आहे. तब्येतीस जपणे." त्यानंतर तीस वर्षं त्यांची सगळी पत्रं तशीच आली, फक्त तारीख बदलायची. सुट्टीवर आले तेव्हा पाणंदीत पाऊस झोडपत होता. दारात नखशिखांत भिजून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आता मी इन वॉटर की ऑन वॉटर ते सांगा, म्हणजे आत येतो." मी हसले, तेही हसले. पण इंग्रजीत परत एक अक्षर लिहिलं नाही. ते गेल्याला आता नऊ वर्षं झाली. चंद्राचे दोन गुण तरी द्यायला हवे होते, असं अजून वाटतं.

तर तीन दिवसांनी माझा मजकूर तयार झाला. "द हाउस स्टँड्स ॲट द एंड ऑफ द लेन बिसाइड द टिंबर डेपो, अंडर अ जॅकफ्रूट ट्री, अपोझिट द यलो हाउस." वखारीच्या शेजारच्या बोळाच्या टोकाला, फणसाखाली, पिवळ्या घरासमोर. चार ठिकाणं आणि चारही ठिकाणी अचूक शब्द. तांबडी रेघ एकही नाही. मी नातीकडून मोठ्याने वाचून घेतलं. सून दारात उभी राहून ऐकत होती.

"आई, पण ती वखार..."

"वखारीला टिंबर डेपोच म्हणतात."

"तसं नाही, मी काय म्हणते..."

"आणि स्टँड्स. घरासाठी चालतं. माणसासाठी नाही."

तिने मजकूर फोनवर चढवला.

आता विचाराल की फोनमध्ये नकाशा असतो, त्यात खूण असते, मग या वर्णनाची गरज काय. आमच्या घराची खूण त्या नकाशात समुद्रात पडते. किनाऱ्यापासून चांगली आत, होड्या नांगरतात त्याच्याही पुढे. मुलाने दोनदा खटपट करून ती ओढून जमिनीवर आणली, पण चार दिवसांनी ती परत पाण्यात जाऊन बसली. म्हणून त्या जागेवर लिहावं लागलं, की नकाशा सोडा, खालील वर्णन वाचा.

एप्रिलच्या शेवटी पहिले पाहुणे ठरले. दक्षिणेकडचं एक जोडपं, नवीन लग्न झालेलं, मराठीचा गंध नाही. दुपारी दोनला पोचणार होते. सुनेने सुरमई तळायला काढली होती, सोलकढी केली होती, उशांना नवे अभ्रे घातले होते. नात फ्रॉक बदलून पायरीवर बसली होती. अडीच वाजता फोन वाजला. सुनेने तो सरळ माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुमचं इंग्रजी, तुम्हीच बोला."

मी घसा साफ केला.

"मॅडम, वी आर इन द लेन," तो मुलगा म्हणाला. आवाज दमलेला, पण शब्द बरोबर.

"व्हिच लेन?"

"देअर इज अ मेडिकल शॉप."

"देन यू आर ॲट द टिंबर डेपो," मी म्हटलं.

"नो डेपो, मॅडम. ओन्ली अ बिग बिल्डिंग."

"यस, यस. देअर वॉज अ डेपो."

"वॉज?"

"नाउ टर्न. यू विल सी द यलो हाउस."

थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज. मग तो बायकोशी काहीतरी बोलला. "मॅडम, नो यलो हाउस. वी सी अ ग्रीन हाउस."

"दॅट इज द यलो हाउस," मी म्हटलं.

मग त्याने फार सभ्यपणे विचारलं, फणसाचं झाड तरी आहे का. मी खिडकीतून बाहेर बघितलं. फणस मागच्या मोठ्या वादळात पडला होता. त्याच्या लाकडाचा पाट आम्ही रोज जेवायला घेतो. मी म्हटलं, "इट फेल."

त्यांनी एका रिक्षावाल्यालाही विचारलं म्हणे, की टिंबर डेपो कुठे. त्याला काही कळेना. वखार म्हटलं असतं तर त्याने डोळे मिटून दारात आणून सोडलं असतं. तासभर हिंडून ती दोघं दुसरीकडे कुठेतरी उतरली. सुरमई आम्ही तिघींनी खाल्ली, एकमेकींकडे न बघता. संध्याकाळी फोनवर त्यांचा शेरा आला. पाचपैकी एक चांदणी, आणि खाली एक वाक्य: "द प्लेस डज नॉट एक्झिस्ट." ही जागा अस्तित्वात नाही.

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. काढायला त्यात एकही चूक नव्हती.

मुलाला लोट्याला बसल्या जागी फोनवर तो शेरा दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. रागावला नाही, तेच वाईट. "राहू दे गो आई," म्हणाला. "मे संपला की मी घेऊन जातो त्यांना. तिकडची शाळा बघून ठेवलीय."

फोन ठेवला आणि मी सुनेवर उखडले. म्हटलं, आजकालच्या लोकांना साधं वाचून घर सापडत नाही. मग ती जी बोलली ते मी दहा वर्षांत तिच्याकडून ऐकलं नव्हतं.

"कसं सापडणार? लग्न होऊन आले तेव्हा मलाही सापडत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मासे आणायला पाठवलंत. म्हणालात, परत येताना पिवळ्या घराकडून वळ. मी पिवळं घर शोधत शोधत पार बंदरापर्यंत गेले. दोनदा. रडायला आलं होतं मला. शेवटी एका बाईने हात धरून आणलं, ती म्हणाली हे हिरवं ते पिवळं. इथे सगळेच असं बोलतात. नवी विहीर म्हणतात, ती बुजवून वीस वर्षं झाली. टॉकीजच्या मागे म्हणतात, तिथे टॉकीज नाही. माणसाने काय तुमच्याबरोबर जन्म घेऊन यायचं?"

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस? मी लिहीत होते तेव्हा?"

"सांगत होते. तुम्ही स्टँड्स, स्टँड्स करत होतात."

मला राग आला. खरं बोललेलं ऐकून येतो तसला. मी चपला घातल्या, काठी घेतली आणि बोळात निघाले. पेपर तपासायचा तर समोर ठेवून तपासावा.

बोळाच्या टोकाला गेले. बोळाला टोकच नव्हतं. तिथला दगडी गडगा पाडून पलीकडच्या रस्त्याला वाट काढली, त्याला चार पावसाळे झाले. तिथून तर मी रोज जाते. वखारीच्या जागी चार मजली इमारत, खाली औषधाचं दुकान. तिथूनच मी गुडघ्याच्या गोळ्या आणते. पिवळं घर हिरवंगार. फणसाच्या बुंध्यावर फरशा बसवून मोटारसायकली उभ्या. चार शब्द बरोबर आणि चारही वस्तू गैरहजर. मी त्या फरशांवर उभी राहिले, तेवढ्यात समोरच्या हिरव्या घरातली बाई गॅलरीतून म्हणाली, "काकू, उन्हाच्या कुठे निघालात?"

"कुठे नाही गो. वखारीपर्यंत."

बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला. तिला काहीच वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, "मग येताना फणसाखालून सावलीने या," आणि आत गेली.

त्या रात्री मी सुनेला म्हटलं, "तूच लिही. मी बघणारसुद्धा नाही."

तिने लिहिलं. मी बघितलं. बघितल्याशिवाय मला झोप आली नसती. "हाउस इन मांडवी. नियर सी. मॅप इज राँग, मॅप शो वॉटर. कम ऑन रोड टिल मेडिकल शॉप. ओल्ड लेडी इज सिट ऑन रेड चेअर. शी इज मदर इन लॉ. शी विल ब्रिंग."

माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. एका मजकुरात किती चुका असाव्यात याला काही सुमार. 'मॅप शो'. 'इज सिट'. आणि ब्रिंग काय, मी काय पार्सल आणते? पेनाचं टोपण काढलं. नात तिथेच गृहपाठ करत बसली होती, माझ्या हाताकडे बघत होती. मला उगाचच पाकिटात घालून परत पाठवलेलं ते पत्र आठवलं. टोपण लावलं.

"सगळं बरोबर आहे?" सून आतून म्हणाली.

"आहे," मी म्हटलं. इंग्रजीच्या बाबतीत माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं. "पण आपल्याकडे लाल खुर्ची कुठे आहे?"

"आणलीय आज. प्लास्टिकची."

"आणि त्या खुर्चीत ओल्ड लेडी कोण बसणार?"

"मला मासे तळायचे असतात," ती म्हणाली.

म्हणजे मला न विचारता माझी नेमणूक झाली होती. सबंध मे महिना मी औषधाच्या दुकानाच्या सावलीला त्या खुर्चीवर काढला. पाहुणे यायचे असले की दुपारी एकपासून. मांडवीचा मे महिना तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगून उपयोग नाही. साडी खुर्चीला चिकटते, घाम डोळ्यांत उतरतो, माशा पायाला सोडत नाहीत, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, "काय आजी, इथे कशा?" दहा जणांना खरं सांगितलं. मग सांगायला लागले की घरातून काढलंय. दुकानदाराने हात जोडले, म्हणाला, गिऱ्हाइकं मला शिव्या देतात हो, तेवढं नका सांगू.

पण पाहुणे आले. एकेक गाडी बोळात शिरायची, सावकाश व्हायची, काच खाली यायची. कोणी लाल खुर्चीकडे बघायचं, मग फोनकडे, मग माझ्याकडे. मीही पटकन उठायची नाही. एकाला विचारलं, "हू आर यू लुकिंग फॉर?" तो गडबडून म्हणाला, "फॉर ओल्ड लेडी." मी म्हटलं, "व्हॉट फॉर?" त्याच्या बायकोला हसू आवरेना. मग मी काठी टेकत गाडीपुढे चालायची आणि गाडी माझ्या मागून, वरातीसारखी. एकही जण चुकला नाही. एकही जण पाण्यात गेला नाही.

एकाने जाताना शेरा लिहिला: "ग्रँडमदर वॉज इन द चेअर. फिश व्हेरी गुड." सुनेने तो मोठ्याने वाचून दाखवला. नात लगेच म्हणाली, "आजी, मम्मीने लिहिलंय ऑन चेअर. हे म्हणतात इन चेअर. बरोबर काय?"

ती बाविसाव्या वर्षाची बाई असती तर काडेपेटी आणली असती. मी म्हटलं, "तू महिनाभर तिच्यावर बसून बघ. मग आपण ठरवू."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा सुट्टीला आला. बॅग ठेवली, दोन्ही खोल्या बंद बघून म्हणाला, "बंद कशाला?" सून म्हणाली, "पाहुणे आहेत आत. हळू बोला." तो पडवीत जाजमावर आडवा झाला. चहा देताना मी ऐकलं, तो तिला म्हणत होता, "या वर्षी पोरीचं नाव इथेच राहू दे. पुढचं पुढे बघू." मी चहा ठेवला आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवून आत गेले. आत गेल्यावर मात्र थोडा वेळ तांदळाच्या डब्याला हात लावून उभी राहिले.

गेल्या महिन्यात माझा गुडघा असा काही धरला की चार दिवस मला अंथरुणावरून उठता येईना. खुर्ची घरात, मी घरात. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी वाजली. पाहुणे, सामानासकट, न चुकता. सुनेने चकित होऊन विचारलं, कसं सापडलं. ते म्हणाले, मेडिकलवाल्याला विचारलं की लाल खुर्ची कुठे आहे. त्याने दुकानापुढच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, ही काय खुर्ची, इथून डावीकडे वळा.

ते आत हातपाय धूत होते तेव्हा सून माझ्या उशाशी आली. "ऐकलंत ना, आई?"

"ऐकलं."

"आता नाही बसलात तरी चालेल."

बरं वाटायला हवं होतं. पण मला वखार आठवली, फणस आठवला, ते पिवळं घर. मी म्हटलं, "उद्या गुडघ्याला तेल लाव गो जरा. परवा जाऊन बसते."